जाऊबाईंचं गाठोडं

माझी एक गोष्ट आमच्या घरात फार चालते. नातवंडं लहान होती तेव्हा ती जेवताना सांगावी लागे. आता कोणाला मिशा फुटल्या, कोणी बोहल्यावर चढली, तरी पाहुणे आले की एकजण तरी म्हणतंच, "आजी, ती कांद्यांची सांग ना." मग मी थोडे आढेवेढे घेते, पदर सारखा करते आणि सांगते.

तेव्हा मी सोळा वर्षांची. लग्नाला सहा महिने झालेले. माहेर महाडजवळच्या नाते गावाच्या थोडं पुढं, शिक्षण सहावी पास. त्या सहावीचा मला असा काही तोरा होता की रस्त्यात पडलेला कागदसुद्धा मी उचलून मोठ्यानं वाचून दाखवत असे, मग तो बिडीच्या बंडलाचा का असेना. सासर पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीत. पण आमचे हे महाडच्या शाळेत मास्तर, म्हणून आम्ही दोघं महाडात, चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर एक खोली घेऊन राहत होतो. घरमालक मुसलमान होते. त्यांचा ट्रक मुंबईला माल घेऊन जाई.

वाडीतले कर्ते पुरुष सगळे मुंबईला, गिरणीत. परळच्या बाजूला आमच्या वाडीची एक खोली होती. पंधरा-वीस जण तिथं पाळीपाळीनं झोपत. वाडीतल्या बायका आपापल्या माणसासाठी काहीबाही बांधून देत, ती गाठोडी कोणीतरी डोंगर उतरून माझ्याकडे आणून टाकी, आणि घरमालकांचा ड्रायव्हर ती त्या खोलीवर पोचवी. थोडक्यात, मी झाले पोस्टमास्तर. मला कोणी नेमलं नव्हतं, पण तोरा नेमल्यासारखा.

एकदा थोरल्या जाऊबाईंचं गाठोडं आलं आणि नेमका पाटा तुटून ट्रक बंद पडला. तीन दिवस गाठोडं माझ्या खोलीत. पहिल्याच दुपारी त्यातून गोडसर वास यायला लागला. मी स्वतःला म्हटलं, आत काही खराब तर होत नाही ना, बघायला हवं. चोराला कारण लागतंच. उघडलं. कडवे वाल, नाचणीचं पीठ, सुकटीची पुडी, आणि मधोमध सुक्या खोबऱ्याच्या दोन वाट्या, तोंडाला तोंड लावून दोऱ्यानं घट्ट बांधलेल्या. दोरा सोडला तर आत गच्च भरलेला गूळ!

पहिल्या दिवशी मी फक्त गूळ चाटला. दुसऱ्या दिवशी एका वाटीची कड कुरतडली, आणि उंदराचं काम वाटावं म्हणून पुढच्या दातांनीच कुरतडली. तिसऱ्या दिवशी उंदराला दोष देण्याइतकंही काही शिल्लक राहिलं नाही. मग ट्रक दुरुस्त झाल्याचं कळलं आणि माझी धांदल उडाली. गाठोड्याच्या पोटात खड्डा दिसत होता. मी टोपलीतले दोन कांदे घेतले, त्याच दोऱ्यानं एकमेकांना बांधले आणि खोबऱ्याच्या जागी ठेवून दिले. वर पुन्हा गाठ मारली. जाऊबाईंच्या गाठीपेक्षा माझी सुबक आली होती.

"मग काय झालं, आजी?"

"काय व्हायचंय? मुंबईत कांद्याची भाजी झाली असेल."

इथं सगळे हसतात. साठ-पासष्ट वर्षं ही गोष्ट इथंच संपत होती. फक्त जाऊबाईंसमोर मी ती कधी सांगितली नव्हती. आपल्या वस्तूला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे, आणि चोरीपेक्षा ती सुबक गाठ त्यांना जास्त झोंबली असती.

जाऊबाई आता नव्वदीच्या पुढं आहेत. नक्की किती, हे त्यांच्या आधार कार्डाला ठाऊक असेल, पण त्या कार्डावर त्यांचा विश्वास नाही, कारण त्यावरचा फोटो त्यांना आपल्या सासूसारखा वाटतो. ज्या जुलैत महाड बुडालं आणि डोंगर खाली आले, त्या वर्षी आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला मोठी भेग पडली. तेव्हापासून दर पावसाळ्यात तहसीलकडून नोटीस येते: खाली या. बाकीची माणसं नातेवाइकांकडे नाहीतर शाळेत जातात. जाऊबाई माझ्याकडे येतात. माझं महाडचं आधीचं घर पुरानं तीनदा धुऊन काढलं. मग मुलानं दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. घेताना बिल्डरला त्यानं एकच प्रश्न विचारला, पाणी कुठपर्यंत येतं?

तर पावसाळ्याचे चार महिने आम्ही दोन म्हाताऱ्या एका खोलीत. एकीला ऐकू कमी येतं, दुसरीला दिसतं कमी. दोघींचं मिळून एक धड माणूस होतं.

जाऊबाईंकडे बघितलं की मला नेहमी वाटायचं, देशात काय काय घडून गेलं आणि ही बाई सगळ्याला पाठमोरी उभी राहिली. त्या जुन्या आठवणी काढत, तेव्हा प्रत्येक आठवणीत एक गोष्ट कायम असे: त्या नवऱ्याशी बोलत नसत. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. माझ्या लग्नानंतर वर्षाच्या आत सासूबाईंनी थोरल्या भावोजींचं दुसरं लग्न लावून दिलं. जाऊबाईंना लग्नाला दहा वर्षं होऊन मूल नव्हतं. दोनदा राहिलं होतं, दोन्ही वेळा गेलं. दोन बायका करू नयेत असा कायदा तेव्हा झालेला होता. पण तो पोलादपूरच्या बाजारापर्यंतच आला असावा, वर वाडीचा चढ काही त्याला चढवला नाही. सवत आली, आणि जाऊबाईंनी नवऱ्याशी बोलणं बंद केलं. कारण उघडच होतं. कोणी विचारलंही नाही.

कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे भावोजी आजारपणाच्या रजेवर घरी होते. मांडणीवरची भांडी धडाधड पडली, भिंत हलली. भावोजी अंगणातून ओरडत होते, "बाहेर ये गो, बाहेर ये!" जाऊबाई चुलीपाशी बसून राहिल्या. शेवटी सवत आत धावली, "बाय, चल ना गो!" तेव्हा उठल्या. "जमीन हालली म्हनून मी हालू व्हय?" असं त्या अजून म्हणतात.

आणीबाणीत नसबंदीवाल्यांची जीप पोलादपुरात आल्याची नुसती आवई उठली, तर वाडीतले रजेवर आलेले पुरुष रानात पळाले. भावोजींना भाकरी पोचवायचं काम जाऊबाईंकडे आलं, कारण रानवाटा त्यांनाच ठाऊक. दोन दिवस त्या भाकरी घेऊन गेल्या. दगडावर भाकरी ठेवायची, खाकरायचं आणि पाठ फिरवून चालू लागायचं. भावोजी झाडामागून विचारत, "जीप गेली काय गो?" उत्तर नाही. जीप पहिल्याच दिवशी परत गेली होती. नवरा एक दिवस उगाच रानात राहिला.

मग गिरण्यांचा संप झाला. सहा महिने, वर्ष, दोन वर्षं. एक दिवस भावोजी पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन कायमचे वर आले. पुढं दहा-बारा वर्षं तिघं एका घरात. जाऊबाई त्यांना वाढत, त्यांचे कपडे धूत, आणि बोलायचं ते सवतीच्या मुलांना मध्ये घालून. "तुझ्या बापाला सांग, ताक संपलं." बाप तिथंच, हातभर अंतरावर. कोकण रेल्वेचे रूळ वीर गावाजवळ पडत होते, त्या सुमाराला भावोजी गेले. बोलणं झालं नाही ते नाहीच.

गंमत अशी की सवतीशी त्यांचं कधी भांडण नव्हतं. दोघी एकमेकींच्या डोक्याला तेल लावत. सवतीची तीन मुलं जाऊबाईंनीच वाढवली. ती त्यांना 'मोठी आय' म्हणतात. सवत गेली तेव्हा सगळ्यात जास्त रडल्या त्या जाऊबाई. मला हे कोडं कधी पडलं नाही, यावरूनच माझी हुशारी दिसते. जिच्यामुळं राग, तिच्याशी गोडी, आणि राग सगळा नवऱ्यावर? पण मी सहावी पास. जे लिहून ठेवलेलं नाही ते मला कुठून वाचता येणार!

गेल्या श्रावणात माझ्या पुण्याच्या नातीला दिवस गेले. सकाळी तिला कळलं आणि दुपारच्या आत घरच्या ग्रुपवर फोटो आला, दोन गुलाबी रेघांचा. मग सगळ्यांचे अंगठे, फुलं, नाचणारी अस्वलं. मी जाऊबाईंच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं.

"कितवा म्हयना?"

"महिना कसला, चार दिवस वर झालेत."

"आनि येवढ्या जनांना सांगितलं? दिष्ट लागंल ना गो!"

"आता दृष्ट लागत नाही, जाऊबाई. आता लाईक लागतात."

त्या हसल्या नाहीत. मी लसूण सोलत होते, त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. तिकडेच बघत म्हणाल्या, "मला येकाच मानसाला सांगायचं हुतं."

मग त्यांनी सांगितलं, अगदी सपाट आवाजात, जसं दुसऱ्या कोणाचं सांगावं.

भावोजींना पत्र पाठवायची सोय नव्हती. वाडीत लिहिणारी बाई नाही, आणि कोणी लिहून दिलं तरी मुंबईच्या खोलीत ते वाचणार सासूबाईंचा सख्खा भाऊ. तो खोलीचा पुढारी. सगळ्यांची पत्रं तो मोठ्यानं, सगळ्यांसमोर वाचत असे. बायकोनं नवऱ्याला कळवलेलं वीस पुरुषांनी ऐकायचं, आणि आठवडाभरात ते सासूपर्यंत परत यायचं. दोन मुलं पोटात गेलेली. तिसऱ्यांदा राहिलं तर तीन महिने कोणाला कळू द्यायचं नाही, असं जाऊबाईंनी ठरवलेलं. इकडे सासूबाई मुलासाठी दुसरी मुलगी बघत फिरत होत्या. म्हणून भावोजी दिवाळी करून परत निघाले तेव्हा दोघांनी घरामागच्या परड्यात उभं राहून एक खूण ठरवली.

"म्हनले, तसं काय झालं तर खोबऱ्याच्या दोन वाट्या पाठीव. आत गूळ भर, तोंड बांध. भरलेला नारळ. मला समजंल. मी आयला सांगून गप करतो आनि रजा काढून येतो." जाऊबाईंनी पदरानं खिडकीची काच पुसली. ती स्वच्छच होती. "गूळ सासूच्या मडक्यातून काढला गो. रोज चिमटीभर. येकदम काढला तर तिला कळला असता. आठ दिस लागले वाटी भरायला."

माझ्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली.

"पाठीवला. आले नाय. आयला कायच कळीवलं नाय. मी खालून पानी वाहत हुते, लाकडं आनत हुते, तोंड उघडून कोनाला सांगनार? दोन म्हयन्यांनी गेलं ते. आनि माघात आले ते नवरदेव हून आले. लगीन झाल्यावर मला परड्यात गाठून काय म्हनतात, ठाव हाय? म्हनतात, कांदे कशाला पाठवलेस, मुंबईत कांदे मिळत नाय व्हय? माझी चेष्टा केली गो. पोटातलं गेलेलं, दारात सवत, आनि हा बाप्या कांद्याची चेष्टा करतोय! मी कुठले कांदे पाठीवनार? त्या दिसापास्नं त्यांच्याशी बोलले नाय."

इतकी वर्षं मी जी गोष्ट हसत सांगितली, तिचा उरलेला अर्धा भाग असा माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर बसलेला होता. रस्त्यातला प्रत्येक कागद वाचणारी मी. माझ्या हाती आलेलं एकच पत्र खरं महत्त्वाचं होतं, आणि ते मी खाल्लं. तीन दिवस, चवीनं.

त्या दिवशी मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला. मी स्वतःशी वाद घालत होते आणि दोन्ही बाजूंनी मीच हरत होते. सांगून टाकलं तर हलकी मी होणार, ओझं त्यांच्या डोक्यावर जाणार. नव्वदी उलटलेल्या बाईला आता हे कशाला? तिनं आपलं आयुष्य एका रागाभोवती बांधलंय, तो खांब उपटायचा? एकदा वाटलं, गप्प बसावं. माझं वय असं आहे की थोडी वर्षं गप्प बसलं तरी कायमचं गप्प बसल्यासारखं होतं.

पण मध्येच भावोजी आठवत. संपानंतर ते एकदा महाडला दवाखान्यात आले होते, तेव्हा आमच्याकडे जेवले. ते मला 'मास्तरीणबाई' म्हणत. हात धुताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तरीणबाई, तुझ्या जावेनं मला टाकलं ते कशापायी, तुला काय ठाऊक?"

मी तेव्हा चाळिशीची, जिभेला धार आलेली. म्हटलं, "सवत आणून बसवलीत, आणि वर विचारता?"

ते म्हणाले, "मी वाट बघितली हुती. तिच्याकडनं काय आलंच नाय. मग आयला नाय कसं म्हनू?"

काय आलं नाही, हे मी विचारलं नाही. आपण कसं तोंडावर उत्तर दिलं, याच आनंदात मी त्यांना ताक वाढलं. त्या उत्तराचं कौतुक मी संध्याकाळी यांच्यासमोरही केलं. सोळाव्या वर्षी मी खादाड होते. चाळिसाव्या वर्षी शहाणी होते, आणि ते जास्त वाईट निघालं.

आणि मग असंही वाटे, की तो दुसरा संसार झाला नसता तर जाऊबाईंना उचलून जिना चढवणारा सवतीचा हा साठीचा मुलगा, माझा पुतण्या, कुठून आला असता? त्याची मुलं, त्यांची मुलं? अर्ध्या घराचा जन्म माझ्या चोरीतून झाला. पण हा हिशोब मी कितीही मांडला तरी त्यात जाऊबाईंचं ते गेलेलं मूल बसत नव्हतं. ज्या बाईचं नुकसान केलं तिच्या नातवंडांकडे बोट दाखवून सुटायचं, ही माझी जुनीच उंदराची युक्ती होती.

सांगायचं ठरलं ते शेवटी भावोजींसाठी. माझ्या चोरीची शिक्षा तो माणूस मरेपर्यंत भोगत राहिला, आणि मेल्यावरही सुटला नाही.

दुपार होती. जेवणं झाली होती, मोड आलेले वाल मध्ये घेऊन आम्ही दोघी सोलत होतो. मी एकदम सुरुवात केली, कारण हळू सुरुवात केली असती तर मी कुठंतरी वळले असते.

"जाऊबाई, ते कांदे मी घातले."

"कंचे?"

"तुमच्या गाठोड्यात. ट्रक बंद पडला होता. खोबरं-गूळ मी खाल्लं, आणि त्या जागी कांदे बांधून ठेवले. भावोजींना खूण पोचलीच नाही. त्यांनी चेष्टा केली नव्हती, खरंच विचारलं होतं."

त्यांना ऐकू गेलं की नाही, मला कळेना. त्यांची बोटं चालू होती. चार-पाच दाणे सोलून झाले.

"सगळं खाल्लंस?"

"सगळं."

"येकटीनं? मास्तरला पन नाय दिलंस?"

"नाही."

"सोळा वर्सांची घोडी."

मग बोटं थांबली. मी भावोजींचं ते बोलणंही सांगितलं, वाट बघितल्याचं. माझ्या त्या तोंडावरच्या उत्तरासकट सांगितलं, काही गाळलं नाही. जाऊबाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. तिथं कॅलेंडर आहे, पण त्यांना ते वाचता येत नाही.

"त्यांना शेवटचं पानी सवतीनं पाजलं," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं बघत हुते. मी दारात उभी. हातात तांब्या हुता माझ्या."

मी सालं गोळा करायला लागले.

"तू सांगितलंस कशाला गो? इतकी वर्सं नाय सांगितलंस, आनखी थोडी कळ काढायची. मी रागावर उभी राह्यले. सासू गेली, सवत गेली, डोंगर फाटला, मी हाय. तो राग हुता म्हनून. आता मी काय करू?"

"माझ्यावर धरा तो."

"धरनारच! तुला इचारून धरू व्हय?"

आणि धरला. नव्वदीतल्या बाईला इतका ताजा राग येतो, हे मला नव्यानं कळलं. त्याच संध्याकाळी माझ्या हातचा चहा परत गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली गोधडी पलंगाच्या पार कडेला नेली. आणि माझ्याशी बोलणं बंद. खोली एक, मधे हातभर अंतर, आणि बोलणं माझ्या सुनेला मध्ये घालून. "त्या बाईला सांग, पंखा बंद कर." "त्या बाईला सांग, रात्री घोरू नको." सून बिचारी दोघींच्या मध्ये उभी राहून तेच वाक्य मला पुन्हा ऐकवायची. मी पहिल्या वाक्यालाच उठून पंखा बंद करायला लागले, तर जाऊबाई सुनेला म्हणाल्या, "तिला तू सांगितल्यावर उठू दे."

मी तक्रार करत नाही. चार-पाच दिवसांतच मला कळलं, भावोजींनी पस्तीस वर्षं काय काढलं असेल ते.

गणपती गेले, पितृपक्ष लागला. भावोजींचा म्हाळ वाडीवर पुतण्या घालतो. त्या स्वयंपाकाला जाऊबाईंनी आजवर हात लावला नव्हता. आधी सवत करी, नंतर सुना. वाडीवर असल्या तर पान मांडायच्या वेळी त्या शेजाऱ्यांकडे जाऊन बसत. या वर्षी त्यांनी पुतण्याला फोन लावायला सांगितला आणि म्हणाल्या, "गाडी घेऊन ये. रांधनार मी."

पुतण्या म्हणाला, "मोठी आय, नोटीस हाय. वर ऱ्हायला बंदी हाय."

"ऱ्हातंय कोन? दुपारचं जेवान घालून खाली येते. तहसीलदाराला सांग, येक पान त्याला पन मांडीन."

गाडी आली. त्यांना जिन्यावरून उतरवून पुढच्या सीटवर बसवलं. मी वरून, गॅलरीतून बघत होते. सून मागं पिशवी ठेवत होती. जाऊबाई तिला काहीतरी म्हणाल्या. सून वर बघून ओरडली, "आई, त्या म्हणतायत, त्या बाईला सांग, मागं जागा हाय!"

मी चपला घातल्या की नाही, तेही मला आठवत नाही.

पोलादपूर सोडून वर चढताना रस्ता जागोजाग खचलेला होता. वाडीत निम्म्या घरांना कुलपं. घर उघडलं, चूल पेटवली. जाऊबाईंनी पाटावर बसून सगळं स्वतः केलं. भात, खीर, वड्यांचं पीठ, भोपळ्याची भाजी. कापायचं काम माझ्याकडे, पण तेही पुतण्याच्या सुनेला मध्ये घालून: "तिला सांग, फोडी मोठ्या कर." वडे वाकडे झाले. कोणाला लावू दिला नाही हात.

पान वाढून झालं. पुतण्या ते घेऊन परड्यात जायला उठला, तर त्यांनी त्याच्या हातातून काढून घेतलं. एका हाताला मी आधार दिला. तो झिडकारला नाही. परड्यात भिंतीच्या कडेला त्यांनी पान ठेवलं, पाणी फिरवलं आणि त्या तिथंच ओल्या दगडावर बसल्या. मी दारापाशी मागं आले.

"जेवा," त्या म्हणाल्या.

मग बोलायलाच लागल्या. मोठ्यानं नाही, जसं घरातल्या माणसाशी बोलतात तसं. थोरल्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. धाकटा दुबईहून परत आला, आता जीप चालवतो. परळच्या खोलीची जागा बिल्डरनं घेतली. सवत गेली, तिला फार त्रास झाला नाही. डोंगराला भेग पडलीय, तुम्ही लावलेल्या फणसाच्या वर. सगळं एकामागून एक, न थांबता, तीस-पस्तीस वर्षांची बातमी. मधेच हसल्याही. मग खाली वाकून इतक्या हलक्या आवाजात काही बोलल्या की मला काही ऐकू आलं नाही. मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. आत गेले.

घरात सगळे भुकेले. भात निवत चालला होता, पोरं वड्यांकडे बघत होती. पुतण्या दोनदा दारापर्यंत जाऊन परत आला. शेवटी मला म्हणाला, "काकी, मोठी आयला हाक मार ना. दोन वाजले. खाली उतराया पायजे."

"मी? माझ्याशी त्या बोलत नाहीत."

"मग काय करायचं?"

"बसायचं."

बसलो. परड्यातून आवाज येतच होता. कधीतरी तो थांबला, दगडावरून उठताना होतो तसा कण्हल्याचा आवाज आला, आणि मग दारातून जाऊबाईंची हाक आली. डोळे पुसलेले होते, आवाज खणखणीत.

"त्या बाईला सांगा, पानं वाढायला घे. मला भूक लागलीय."